एक्केचाळीस हजार सातशे पावलं

आकड्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. आमच्या शिंगोटेवाडीच्या दूध संस्थेचा मी गेली सव्वीस वर्षं सेक्रेटरी आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या खिडकीत बसायचं, रांगेतल्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मशीनला लावायचा आणि फॅट किती लागली ते मोठ्यानं सांगायचं, हे माझं काम. फॅट जास्त लागली तर गाय गुणाची आणि कमी लागली तर सेक्रेटरी चोर. सव्वीस वर्षांत या नियमाला अपवाद झालेला नाही. तरीही मी गावात मान ताठ ठेवून फिरायचो, कारण मशीन माझ्या बाजूनं होतं.

पुढचं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस तक्रार करतोय. तसं नाही. मला काही लोकांचे आभार मानायचे आहेत आणि समोरासमोर ते नीट जमलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

दिवाळीला आमची निकिता घरी आली ती तीन खोकी घेऊन. ती सुप्याला एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी करते. पहिल्या खोक्यात मनगटी घड्याळ निघालं. ते वेळही सांगतं, पण नाइलाजानं. त्याचं खरं काम म्हणजे पावलं मोजणं, नाडी मोजणं, झोप मोजणं आणि माणूस तासभर एका जागी बसला की मनगटाला गुदगुल्या करून 'उठा' म्हणणं. दुसऱ्या खोक्यात रक्तातली साखर बघायचं मशीन होतं आणि तिसऱ्यात निळे-नारिंगी बूट. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं ते घालून गावातून कसं जायचं, याचा विचार कारखानदारानं केलेला दिसला नाही.

"पप्पा, आठ वर्षं शुगर आहे तुम्हाला," निकिता म्हणाली. "गोळी घेता आणि विसरून जाता. वर्षातून एकदा डॉक्टरांना डोळे दाखवायचे, पाय दाखवायचे, ते तुम्ही एकदाही केलेलं नाही. निदान हे तरी वापरा."

"शुगर रक्तात असते," मी तिला समजावलं. "पाय कशाला दाखवायचे?"

हे मी बोललो याला माझी बायको राजेश्वरी साक्षीदार आहे, नाहीतर आज मी सरळ कानांवर हात ठेवले असते.

मशीन घरीच वापरलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. पण नमुना म्हटलं की माझा हात चालतो तो डेअरीच्या टेबलावर. तिथे माझं पेन, माझी वही, माझी खुर्ची. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, रांग लागायच्या आधी, मी बोटाला टोचणी लावली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि मान वर केली, तर खिडकीतून सात-आठ डोकी आत डोकावत होती.

"कशाचा नमुना काढताय, शेक्रेटरी?" रतनबाईंनी विचारलं.

रतनबाई आमच्या रांगेत कायम पहिल्या. वय साठीच्या पुढे, गोठ्यात सहा गाई, घरात एकट्या. मालक जाऊन पाच वर्षं झाली. मागच्या श्रावणात मी त्यांची एक किटली आंबूस म्हणून परत केली होती, तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या आणि टेबलावर किटली ठेवताना लागेल तेवढा आवाज करायच्या.

"माझ्या रक्ताचा नमुना," मी म्हणालो.

"किती लागलं?"

"एकशे अठ्ठावीस."

रांगेत कुजबुज झाली. मागून कोणीतरी हळहळलं, "एवढ्या मोठ्या मान्साला एवढंच?"

तेवढ्यात संस्थेचे चेअरमन कानिफनाथ पुढे आले. चेअरमन म्हणजे भारदस्त गडी. ग्रामपंचायत, सोसायटी, यात्रा कमिटी, सगळीकडे त्यांचा शब्द चालतो. त्यांनी बाही सारली, हात खिडकीतून आत घातला आणि म्हणाले, "आमचं काढा."

प्रत्येक माणसाला नवी सुई लावायची एवढी अक्कल मला होती. नवी सुई लावली, थेंब घेतला, आकडा आला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं मी तो मोठ्यानं सांगून टाकला. "दोनशे त्रेचाळीस!"

"आरं तिच्या! चेअरमन त्ये चेअरमन!" रांग खूश झाली. चेअरमननी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी डेअरीत आलेल्या सगळ्यांना त्यांच्यातर्फे गोड चहा झाला आणि संध्याकाळी पेढेही आले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला.

"चेअरमन, हा आकडा कमी असलेला बरा असतो."

"तुमचं कमी लागलं म्हनून आता कमी चांगलं व्हय?" ते म्हणाले. "लई वर्षं बघतोय तुमाला, शेक्रेटरी."

त्यांचंही काय चुकलं? आमच्या गावात तीन पिढ्या मशीनवर आकडा लागतोय आणि तो जास्त लागला तरच चांगला असतो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रक्ताची रांग लागली. ज्यांना शंभराच्या आत लागलं ते पडेल चेहऱ्यानं घरी गेले. रतनबाईंना शहाण्णव लागलं तेव्हा त्यांनी दुसरं बोट पुढे केलं.

"मशीन मारतंय. ह्या बोटाचं घ्या."

"रतनबाई, सगळ्या बोटांत रक्त एकच असतं."

"मंग एका गाईच्या चारी सडांचं दूध सारकं लागतं का?"

लागत नाही. सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून मला माहीत होतं की लागत नाही. त्यामुळे मी गप्प बसलो, आणि गप्प बसणं हा गुन्हा कबूल केल्याचा पुरावा आहे असं रांगेनं मानलं.

चार दिवसांनी चेअरमन दुसऱ्याच कामासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले आणि तिथे त्यांनी आपला आकडा अभिमानानं सांगितला. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पुन्हा तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. चेअरमन तिथून थेट डेअरीत आले. "भर रांगेत तुमी मला पेढे वाटायला लावलं," एवढंच बोलून ते गेले. पेढे मी वाटायला लावले नव्हते, पण हे सांगायला ते थांबले नाहीत.

मग गावाला कळलं की कमी चांगलं. कमी कसं करायचं हे दुधाच्या धंद्यातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक घरून दोन-दोन तांबे पाणी पिऊन यायला लागले. एक गृहस्थ तर माझ्या टेबलासमोर उभे राहून तिसरा तांबा प्यायले आणि मला म्हणाले, "आता लगीच घ्या."

हे सगळे आकडे मी कुठे लिहीत होतो? तर दुधाच्या संगणकात, 'शेरा' या रकान्यात. तो रकाना वर्षानुवर्षं रिकामा पडलेला असल्यामुळे मला त्याची दया आली होती. संगणकाला दया-माया नसल्यामुळे त्यानं तो शेरा प्रत्येकाच्या दुधाच्या मेसेजमध्ये घातला आणि वरच्या शीतकरण केंद्रालाही पाठवला. आठवड्यानं मला पत्र आलं. 'संकलन पत्रकातील शेरा रकान्यात नोंदविलेल्या आकड्यांचे स्वरूप, एकक व प्रयोजन याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मी दीड पानी खुलासा दिला. त्यावर दुसरं पत्र आलं, की आपला खुलासा मिळाला, परंतु सदर आकडे गाईचे की म्हशीचे हे त्यात नमूद नाही. शेवटी संचालक मंडळाची बैठक बसली आणि 'सेक्रेटरींनी आपले खाजगी मशीन आपल्या खाजगी घरी ठेवावे' असा ठराव एकमतानं झाला. सूचक चेअरमन. ठराव लिहून काढणारा मी.

माणसाचा इतका अपमान झाला की तो चालायला लागतो. निदान मी तरी लागलो.

निमित्त निकिताच्या कारखान्याचं झालं. तिथे जानेवारीत एकवीस दिवसांची चालण्याची स्पर्धा ठेवली होती, आणि तिच्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळा गट होता. घड्याळावरची पावलं आपोआप सुप्याला पोचणार आणि रोज संध्याकाळी क्रम जाहीर होणार. मी सहज नाव दिलं. तिसऱ्या दिवशी मी सातवा होतो, आठव्या दिवशी तिसरा आणि बाराव्या दिवशी दुसरा. पहिल्या नंबरावर पुण्याच्या कोण्या निवृत्त सुभेदारांचा फोटो होता. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, ते सज्जनही असतील, पण त्यांचं तोंड बघूनच मला चप्पल घालावीशी वाटायची. चप्पल म्हणजे ते निळे-नारिंगी बूट.

डेअरी ते पाझर तलाव, तलावाच्या बांधावरून वळसा, परत डेअरी. सकाळी एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी दूध झाल्यावर एक. वाटेत प्रत्येक ओट्यावरून सल्ला मिळायचा. कोणी म्हणे मागं मागं चाला, त्यानं शुगर उतरते. कोणी म्हणे मेथ्या भिजवून खा. आमचे दुधाचे कॅन नगरला नेणारे टेम्पोवाले गनीभाई रोज शेजारी टेम्पो हळू करून विचारायचे, "बसता का, शेक्रेटरीसाहेब?" आणि मी नाही म्हटलं की हसून पुढे जायचे. राजेश्वरीनं एकदाच विचारलं, "अहो, पळून कुठं चाललाय?" घड्याळ मात्र कौतुक करायचं. दहा हजार पावलं झाली की त्याच्यावर छोटी फटाक्यांची आतषबाजी व्हायची. लग्नानंतर माझं एवढं कौतुक कोणी केलेलं नव्हतं.

स्पर्धेचे शेवटचे आठ दिवस राहिले होते. त्या शनिवारी संध्याकाळी मी बांधावरून जवळची वाट धरली. तिथे कोणीतरी बाभळी तोडून कुंपणाला काटेरी फांद्या टाकल्या होत्या. त्यांच्या कडेनं मी गेलो. त्या दिवसापासून डेअरीच्या फरशीवर चालताना माझा डावा बूट टक टक वाजायला लागला. नव्या बुटांचा आवाज असेल म्हणून मी सोडून दिलं.

सोमवारी अंगात जरा कसकस वाटली. घड्याळात पाहिलं, तर बसल्या जागी नाडी शंभरावर. मी पलंगावर आडवा पडलेलो असताना त्यानं लिहिलं होतं, 'छान! व्यायाम सुरू आहे.' मंगळवारी सकाळी उपाशीपोटी साखर तपासली तर दोनशे अडुसष्ट.

आता इथे मी काय केलं ते मुद्दाम सांगतो, कारण हा शहाणपणा माझ्या धंद्यातल्या माणसालाच सुचू शकतो. डेअरीत एखादा नमुना भलताच आकडा दाखवायला लागला, की आम्ही तो नासलेला समजून टाकून देतो आणि दहा दिवसांची सरासरी बाकीच्या नमुन्यांवर काढतो. मी दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. दोनशे चौसष्ट. वहीत त्या तारखेपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नमुना नासला', आणि नव्वद दिवसांची सरासरी काढली. एकशे एकतीस आली. समाधान वाटलं, बूट चढवले आणि चालायला गेलो.

बुधवारी सकाळी रांग जोरात होती. मी एक कॅन उचलून आतून बाहेर ठेवला आणि परत वळलो, तेव्हा रतनबाईंचा आवाज आला.

"शेक्रेटरी, थांबा. जरा पुन्यांदा चाला."

"का?"

"डाव्या खुरावर भार देत न्हाई तुमी."

रांग हसली. मला संताप आला. "रतनबाई, मी माणूस आहे. खूर काय म्हणता? किटली द्या."

"न्हाई देत. आदी जोडा काढा."

"दूध घालायचंय की नाही?"

"न्हाई घालायचं," म्हणून त्यांनी किटली खाली ठेवली आणि खिडकीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. मागं तीस माणसं. "बुटावर माश्या का बसत्यात, त्ये बगा. थंडीच्या दिसात दूध सोडून माश्या तुमच्या पायाशी कशापाई येतील?"

मी खाली पाहिलं. निळ्या बुटावर खरंच चार माश्या होत्या. तरीही मी बूट काढणार नव्हतो. सेक्रेटरीनं भर रांगेत बूट काढायचा म्हणजे काय? पण रतनबाई खिडकीला वळसा घालून दारातून आत आल्या, मला फरशीवर बसवून स्वतःही समोर फतकल मारून बसल्या आणि गाईचा पाय धरावा तसा माझा पाय धरून त्यांनी बुटाची नाडी सोडली. बूट निघाला, मोजा निघाला नाही. तो तळव्याला चिकटला होता. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून तो हळूहळू सोडवला आणि माझा तळवा वर केला. रांगेतलं हसू बंद झालं.

बाभळीचा काटा होता. बुटाच्या तळातून आत शिरून बोटांच्या मागच्या मऊ भागात बोटाच्या पेराएवढा रुतलेला. भोवती सगळं काळं-हिरवं झालं होतं आणि वास सुटला होता.

"किती दिस झालं?" रतनबाईंनी विचारलं.

मी हिशेब केला. शनिवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ. घड्याळात नोंद होती. त्या काट्यावर मी एक्केचाळीस हजार सातशे पावलं चाललो होतो, आणि त्यातल्या दर दहा हजारांना फटाके वाजले होते.

"पण दुखत नाही," मी म्हणालो. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

रतनबाईंचा हात थांबला. "दुकत न्हाई?" त्यांनी काट्याशेजारी बोटानं दाबलं. "हितं?"

"नाही."

"आमच्या मालकाला बी दुकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी बसल्यालं, इस्तवावर पाय पडला तरी कळलं न्हाई त्येन्ला. दुकत न्हाई म्हनून आमी हळद लावली. आदी बोट काढलं, मंग पाऊल, मंग गुडघ्यापासनं पाय गेला, आन् दिवाळीला त्ये सोता गेलं. मला तुमचं आकडं कळत न्हाईत, शेक्रेटरी. पर असला पाय मी बगितला हाय."

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या दारी मीही भेटायला गेलो होतो. ओट्यावर बसून चहा घेतला होता आणि 'देवाची मर्जी' असं म्हणून उठलो होतो. मालक कशानं गेले हे विचारलंसुद्धा नव्हतं. आता माझा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. माझा पाय जाणार, हे मला तिथे फरशीवर बसल्या बसल्या स्पष्ट दिसलं.

पुढचं फार भराभर झालं. चेअरमन, ज्यांच्याशी माझं दोन-अडीच महिने बोलणं नव्हतं, त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. गनीभाईंचा टेम्पो दारात भरून उभा होता, सहाशे लिटर दूध. त्यांनी मला पुढे बसवलं, राजेश्वरीला बसवलं आणि टेम्पो सोडला. शीतकरण केंद्राचं वळण आलं, तसा मी सवयीनं म्हणालो, "गनीभाई, आधी दूध उतरवा, नाहीतर नासेल."

"नासू द्या," गनीभाई म्हणाले. "गावाला मी सांगतो काय सांगायचं ते."

सहाशे लिटर म्हणजे त्या सकाळचं सगळं गाव मागे कॅनमध्ये हिंदकळत होतं, आणि टेम्पो ते वळण सोडून सरळ नगरच्या दवाखान्याकडे निघाला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण आत बघितलं असतं तर राजेश्वरीला माझे डोळे दिसले असते. नंतर कळलं की जानेवारीच्या थंडीनं दूध टिकलं, आणि तिकडे डेअरीत चेअरमननी स्वतः मशीन चालवलं. सगळ्यांना सरसकट चार फॅट लावली. संस्थेच्या इतिहासात एकही तक्रार न आलेला तो एकमेव दिवस.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी त्यांना माझी वही दिली. नव्वद दिवसांचे आकडे, तीन रंगांत, खाली सरासरी. त्यांनी दोन पानं उलटली आणि 'नमुना नासला' यावर बोट ठेवलं.

"काका, हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. "हाच एक आकडा खरं सांगत होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी हातात घेतलं. "डोळे मिटा. पायाला दोरा लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, सुरू करा ना."

"काका, दहा ठिकाणी लावून झाला," त्या म्हणाल्या.

शेजारी राजेश्वरी उभी होती. तिनं माझा खांदा इतका घट्ट धरला की तेवढं मात्र मला चांगलंच कळलं.

"उद्या आला असतात तर बोट काढावं लागलं असतं," डॉक्टरीणबाई जखम धुताना म्हणाल्या. "आणि रविवारपर्यंत चालत राहिला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. बूट कोणी काढला तुमचा?"

"आमच्या रतनबाईंनी."

"त्या नर्स आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "त्या डेअरीला दूध घालतात."

दहा दिवस मी तिथे होतो. पाय उशीवर, खाली उतरायची बंदी. सरकारी योजनेतून उपचार बसत होते, पण त्यासाठी फोटो लागणार होता आणि फोटोत रुग्ण, रुग्णाचा पाय आणि रेशनकार्ड तिन्ही एका वेळी दिसायला हवे होते. खिडकीवरच्या माणसानं तो तीनदा परत पाठवला. एकदा पाय नीट आला पण माझं तोंड कापलं गेलं. तो फोटो मला सगळ्यांत आवडला होता.

आणि ते घड्याळ! मी दर तासाला त्याच्याकडून 'उठा, थोडं चाला' असं ऐकत पडून होतो. दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं ते माझ्या मनगटावरून काढलं आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या हातात घातलं. मग ती खाली औषधाच्या दुकानात, वर तपासणीच्या खोलीत, पुन्हा खाली योजनेच्या खिडकीवर, तिथून झेरॉक्सला, अशी दिवसभर धावत राहिली. रविवारी संध्याकाळी निकिता दवाखान्यात आली आणि मोबाईल पुढे धरून रडायला आणि हसायला एकदमच लागली. घरच्यांच्या गटात मी पहिला आलो होतो. सुभेदार अकराशे पावलांनी मागे पडले होते. ते प्रमाणपत्र मी आता भिंतीवर लावलंय. त्यावरचं माझं नाव झाकून वर कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत राजेश्वरीचं नाव लिहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्यासाठी ही बाई किती चालली याचा आकडा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

पाय वाचला. पाची बोटांसकट वाचला.

फेब्रुवारीत मी डेअरीत परत गेलो तो डॉक्टरांनी दिलेली मऊ चप्पल घालून. रतनबाईंचे आभार मानायचे म्हणून रात्रभर मनात चार वाक्यं जुळवली होती. खिडकी उघडली, त्या पहिल्याच होत्या, आणि मी पहिल्या वाक्याच्या मध्यावर अडकलो.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पाय दावा."

मी खुर्चीत बसून पाय वर केला. त्यांनी तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या, मान हलवली. मग मागे वळून चेअरमनना म्हणाल्या, "आता तुमचा."

"माझा कशाला?" चेअरमन म्हणाले.

"दोनशे त्रेचाळीस कुनाला लागलं हुतं?"

चेअरमन आले. बाहेर पोतं अंथरलं गेलं. मागून ज्यांना शुगर आहे ते सातजण एकेक करून पोत्यावर बसले, जोडे बाजूला. मी वही घेतली आणि या वेळी नुसतं 'पाहिला' असं लिहीत गेलो. चेअरमनच्या टाचेत भेग सापडली, खोल, आत माती गेलेली. त्यांना तिचा पत्ताच नव्हता. त्याच सकाळी गनीभाईंच्या टेम्पोतून ते नगरला गेले.

पोतं उचलायची वेळ आली. रतनबाई गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या.

"रतनबाई," मी विचारलं, "तुमचे पाय कोण बघतं?"

त्या हसल्या. "माजं कोन बगनार? मला कुटं शुगर हाय?"

"बसा," मी म्हणालो.

त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि डेअरीच्या फरशीवर, सगळ्या रांगेसमोर, गुडघे टेकून खाली बसलो. त्यांचा एक पाय हातात घेतला. शेणानं रंगलेली नखं, भेगाळलेली टाच, गोठ्यात सहा गाईंच्या मागे पन्नास वर्षं उभा राहिलेला पाय. मी तळवा बघितला, बेचक्या बघितल्या, मग दुसरा पाय घेतला. दोन्ही पाय धड होते, कुठेही जखम नव्हती. जुळवलेली चारही वाक्यं मी विसरलो होतो. पण खाली वाकलोच होतो, तर त्यांच्या दोन्ही पावलांवर डोकं टेकवलं.

"उटा आता, शेक्रेटरी," माझ्या डोक्यावर हात ठेवून रतनबाई म्हणाल्या. "दूध नासंल."